चौदा नंबरचा कोयता

टिटवी झाडावर बसत नाही. सगळा जन्म जमिनीवर काढते आणि माणूस दिसला की ओरडते.

कडा गावाच्या पुढं रस्त्याला एक हिरवी पाटी आहे. वर विमानाचं चित्र, खाली शहराचं नाव. शहर तिथून एकसष्ट किलोमीटर. विमानं उतरतात आष्टी तालुक्याच्या माळावर आणि नाव लागतं शहराचं.

अर्ज क्रमांक सात, रकाना नऊ : सोबत आणावयाची धारदार हत्यारे, संख्या.

परळीच्या वीजकेंद्रातून राखेचा ट्रक निघाला की त्याच्या मागं अर्धा कोस रस्ता करडा होतो.

दसरा झाला की शिरूर कासारच्या बाजूला लोक एकमेकांच्या दारात जाऊन विचारतात, "तुमच्यात कुनी मोकळं हाय का?"

भिंतीच्या आत गवत मांडीला लागतं. भिंतीच्या बाहेर म्हैस गोणपाट चघळते.

दर गुरुवारी एक विमान दुबईला जातं. त्या एका विमानापायी पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आहे.

आणि डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेसहाला, विमानतळाच्या चार नंबरच्या गेटावर, शिपाई यादी वाचत होता.

"चौदा. केसरबाई." त्यानं मान वर केली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चाळीस माणसं होती. यादीत वीस नावं होती, एकोणीस गडी आणि एक बाई.

"बाकीच्यांची?" मुकादम उत्तरेश्वरनं विचारलं.

"बाकीचे कोण? वीस हत्यारं, वीस माणसं. कागद तुमच्याच सोसायटीचा आहे."

उत्तरेश्वरनं कागद उलटून पाहिला. राहिलेली नावं जशी काही मागच्या बाजूला जाऊन बसली असावीत.

कोयता म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे. सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. परक्या माणसाला कोयता म्हणजे लोखंडाचं पातं आणि लाकडाची मूठ. शिरूरच्या माणसाला कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा ऊस तोडणार, बायको मोळी बांधणार, डोक्यावर घेणार आणि फळीवरून ट्रकात चढवणार. दोघं मिळून एक कोयता. "औंदा किती कोयते गेले?" "साठ." म्हणजे एकशेवीस माणसं, हे तिथल्या कोंबड्यालाही कळतं. एकटं राहिलेलं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठलाच मुकादम टोळीत घेत नाही.

त्या साली ऊसच नव्हता. कारखान्यांची गाळपं लागली न लागली तोच मिटली, टोळ्या घरी बसल्या. माळावर ऑगस्टात एक दांडगा पाऊस पडला होता, त्यानंतर थेंब नाही. त्या एका पावसावर भिंतीच्या आतलं गवत वाढलं, कारण आत गुरं जात नाहीत. गवतात उंदीर झाले. उंदरांवर घारी आल्या. घार विमानाच्या तोंडात गेली तर काय होतं, हे सांगायला तिथं एक अख्खं ऑफिस आहे. म्हणून गवत कापायचं होतं. सुंदरराव हे गावचे जमीनदार, मजूर सहकारी सोसायटीचे चेअरमन आणि जिथं माईक असेल तिथले वक्ते. 'स्थानिक सहकारी संस्थेस प्राधान्य' अशी ओळ त्यांनी कुठून तरी शोधून काढली आणि विमानतळाला पत्र धाडलं : आमच्या संस्थेचे वीस कोयते कामावर हजर राहतील.

विमानतळानं वाचलं, वीस कोयते. वीस हत्यारांना वीस बिल्ले पाडले, वीस ओळींचा अर्ज धाडला. सोसायटीच्या सचिवानं प्रत्येक ओळीत एकेका कोयत्याचं नाव घातलं, म्हणजे गड्याचं. बाईचं नाव त्यात असतंच, ते लिहायचं कशाला.

चौदाव्या ओळीत बिभीषण होता. बिभीषण हा केसरबाईचा चुलतदीर, पस्तिशीचा, बिनलग्नाचा. मागच्या उन्हाळ्यात गावानं टँकरसाठी रस्ता अडवला, त्यात त्याच्यावर केस झाली, आणि केस असलेल्या माणसाला विमानतळाचा पास मिळत नाही. मग सचिवानं त्याच ओळीत केसरबाईचं नाव टाकलं. "कोयत्यातलंच मानूस हाय की," तो म्हणाला.

असा अर्धा कोयता आत गेला आणि पुरत्या कोयत्यांचे अर्धे बाहेर राहिले.

*

केसरबाईचा नवरा रामकिसन सहा वर्षांपूर्वी परळीला राखेच्या ट्रकवर गेलता तो तिकडंच राहिला. कुणाकडं राहिला हे सगळ्या गावाला माहीत असल्यामुळं त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. ती रांडावली नव्हती आणि नांदतही नव्हती. सगळ्यात कठीण म्हणजे ती अर्धी होती. दर दसऱ्याला ती दारोदार जायची. कुणाची बायको बाळंत झालीय का, कुणाची आजारी आहे का, कुणाचा भाऊ मोकळा आहे का. लोक चहा पाजायचे, मग म्हणायचे, "बघू." यंदा बिभीषणला चार दिवस विनवण्या केल्या तेव्हा तो तयार झाला, तोही आईच्या धाकानं.

आता तिच्या गळ्यात पास होता. प्लास्टिकात घातलेला, निळ्या पट्टीचा. त्यावर तिचा फोटो, आणि फोटोत ती कुणावर तरी चिडल्यासारखी दिसत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : व्यक्ती १.

सुंदररावांनी ट्रॉलीत चढतानाच सगळ्यांना सांगितलं होतं. पोलिसांची तपासणी व्हायला दोन-दोन महिने लागतात, त्यामुळं एकदा पास झाला तो झाला. ज्याच्या गळ्यात पास, त्याला बारमाही काम. गवत संपलं की नाल्या, नाल्या संपल्या की रंग.

म्हणजे पुढच्या दसऱ्याला कुणाच्या दारात जायला नको.

केसरबाईनं पास पोलक्याच्या आत सरकवला आणि वरून हात दाबून पाहिला. तेवढ्यात शिट्टी

वाजली.

शिट्टी वाजली की जिथं असाल तिथलं काम टाकायचं, कोयता उचलायचा, पांढऱ्या दगडांच्या रेघेमागं जाऊन बसायचं. विमान उतरेपर्यंत किंवा उडेपर्यंत उठायचं नाही. हा इथला नियम. शिट्टी ज्यांच्या गळ्यात होती त्या मॅडम वर्ध्याकडच्या होत्या, पिवळं जाकीट, हातात वॉकीटॉकी, रनवेवर जे नको ते येऊ न देण्याची नोकरी. बाहेर बसलेल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव टिटवी ठेवलं.

*

मंगळवार असा गेला.

उसात माणूस एकदा वाकला की सूर्य डोक्यावर येईस्तोवर वाकलेलाच राहतो. इथं वाकावं आणि शिट्टी. पुन्हा वाकावं, दोन हात जागा साफ होते न होते तोच शिट्टी. दगडांच्या मागं बसून गडी तंबाखू मळत. केसरबाईला बसणं जमत नव्हतं. तिचे हात मांडीवर गवत कापल्यासारखे हलत राहायचे. विमान यायचं, माती उडायची, कान बसायचे, मग सगळीकडं एकदम शांत, आणि त्या शांततेत खरीखुरी टिटवी कुठंतरी ओरडत असायची.

गड्यांनी गवत कापलं आणि सवयीनं मागं टाकलं. मागं बायको असते. ती गोळा करते, मुठीत दाबते, पेंढी बांधते. त्या दिवशी मागं कुणी नव्हतं. गवत जसं पडलं तसं पडून राहिलं.

संध्याकाळी उत्तरेश्वर तिच्याजवळ आला. "केसरबाई, तेवढं बांधून घ्या की."

"माझं मी बांधलंय. त्या बगा सोळा पेंढ्या."

"तुमचं न्हाई म्हनत. सगळ्याचं."

"एकोनीस गड्याचं?"

"मग काय गड्यानं बांधायचं का?" मागून एकजण म्हणाला, आणि बाकीचे हसले. त्यात चिडण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं. ट्रकाला शिंगं असतात का, असं कुणी विचारलं असतं तर ते असेच हसले असते.

तिनं त्या दिवशी अंधारून येईपर्यंत चार गड्यांचं गवत बांधलं. का बांधलं हे तिला पुरतं ठाऊक होतं. आत बायका का नाहीत, हा प्रश्न कुणाला पडू नये म्हणून. तो पडला की कोयता म्हणजे काय हे सांगावं लागणार. ते सांगितलं की जोड्या मोजल्या जाणार. जोड्या मोजल्या की

*

बुधवारी दुपारी भाकरीला ती गेटाबाहेर आली.

बाहेर एकोणीस बायका वेड्या बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. सावली एवढीशी आणि बायका तेवढ्या, म्हणून घटकाघटकानं सरकत होत्या. घरी परत जायचं तर ट्रॅक्टर संध्याकाळीच. आणि शेवटच्या टोकाला छबुबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. साठीला टेकलेली, नवरा कधीचा गेलेला. टोळी निघाली की ती आपली ट्रॉलीत चढते, इतकंच. हाकलायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि मोजायचंही.

"आली बाई इमानात बसून," तुळजाबाई म्हणाली. ती उत्तरेश्वरची बायको. मुकादमाची असली तरी तीही बाहेरच. "काय गं केसर, आत पंखा हाय का?"

"पंखा न्हाई. शिट्टी हाय."

"आमाला तीबी न्हाई." तुळजाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "गंमत बग. सा सालं आमी पुरत्या, तू अर्धी. आता तू पुरती झालीस आनि आमी अर्ध्या. आमच्या नवऱ्याच्या मागं वारं हाय फकस्त."

बायका हसल्या. केसरबाई हसली नाही.

"तू सांगत कावून न्हाईस त्या टिटवीला?" तुळजाबाईनं आवाज उतरवला. "आमचा दादला घाबरतोय. सुंदररावानं दम दिलाय, कागद चुकला म्हनून कळलं तर ठेका जाईल म्हनं. गडी न्हाई बोलायचे. तू बोल की."

"मी काय बोलू. मला काय कळतंय त्यातलं."

तुळजाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या निळ्या पट्टीकडं पाहिलं. आणि उरलेली भाकरी फडक्यात बांधली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

वाऱ्यानं गवत भिंतीवरून बाहेर येत होतं. काडी-काडी, झुबका-झुबका. छबुबाईनं ते बसल्या जागी गोळा केलं होतं. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्यानं दोन काड्या वळून बंध करायचा, गुडघ्याखाली दाबायचा, ओढायचा. तिचं लक्षही नव्हतं. तिच्या बाजूला सात पेंढ्या उभ्या होत्या, एकीसारखी एक.

"कुनासाठी गं हे?" केसरबाईनं विचारलं.

"कुनासाठी न्हाई. हाताला चैन पडंना."

आत शिट्टी वाजली आणि केसरबाई अर्धी भाकरी हातात घेऊनच उठली.

*

गुरुवार.

वारा सकाळपासूनच होता. साडेदहाला दुबईच्या विमानात माणसं चढायला लागली. लांबून ती मुंग्यांसारखी दिसत होती, प्रत्येक मुंगीला एक बॅग. अकरा वाजता एक वावटळ माळावरून उठली. सगळ्यांनी ती पाहिली. ती वाळक्या गवतात शिरली, दोन दिवसांचं सुटं गवत तिनं पदरात घेतलं आणि निवांत, कुठलीही घाई न करता, रनवेवर नेऊन सांडलं.

शिट्टी वाजली. थांबली नाही. वाजतच राहिली.

"फॉड! फॉड ऑन रनवे!" मॅडम वॉकीटॉकीत बोलत होत्या.

"फड म्हनत्यात का बे?" एकानं दुसऱ्याला विचारलं.

"उसाचा फड हितं कुठला आला."

फॉड म्हणजे जिथं नको तिथं पडलेली कुठलीही वस्तू. काडी, खडा, स्क्रू, कुणाची चप्पल. विमानाच्या इंजिनाला खडा काय आणि काडी काय, चालत नाही. विमान जागच्या जागी थांबवलं गेलं. वीसच्या वीस माणसं रनवेवर एका ओळीत उभी केली आणि वाकून चालायला लावली. प्रत्येकानं समोरची काडी न काडी उचलायची. डांबर तापलेलं होतं. केसरबाईनं आयुष्यात इतका रुंद, इतका रिकामा रस्ता पाहिला नव्हता. ती काड्या उचलत चालली होती आणि विमानाच्या खिडक्यांमागून दुबईला निघालेली माणसं तिच्याकडं बघत होती.

बावीस मिनिटं उशिरानं विमान उडालं.

मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

"दोन दिवसांपासून मी सांगून राहिली, कापलेलं गवत मोकळं ठेवायचं नाही. बांधून का नाही राहिले तुम्ही?"

एका गड्यानं पायाखालची काडी उचलून खिशात घातली.

"वीस माणसांपैकी एकच बाई बांधते. बाकीच्यांचे हात दुखतात का? मुकादम?"

उत्तरेश्वरनं टोपी काढली, पुन्हा घातली. "बांधतो मॅडम. उद्यापासून."

"उद्यापासून नाही. मला आत्ता कारण सांगा. नाहीतर मी आज संध्याकाळी काम बंद करते आणि सगळे पास परत घेते. बावीस मिनिटांचं मलाही उत्तर द्यायचं आहे."

सगळे पास. त्यात चौदा नंबरही आला.

केसरबाईचा हात पोलक्यावर गेला. न बोलावं तर पास जातो. बोलावं तरी जातो. न बोलता गेला तर सगळ्यांचा, बोलून गेला तर एकटीचा. तिला तुळजाबाईचं ते बघणं आठवलं. ती म्हणाली, "मॅडम, कागदात

आणि आकाशात घरघर झाली. शहराकडून एक छोटं विमान येत होतं, पुण्याचं. शिट्टी वाजवायला मॅडमनी तोंडाशी हात नेला. सगळे पळाले, दगडांच्या मागं बसले. विमान उतरलं, लांब गेलं, वळलं, बंद झालं. एवढा वेळ ते वाक्य तिच्या तोंडात तसंच होतं, अर्धं. बाजूला बसलेला उत्तरेश्वर दातांवर दात ठेवून हळू म्हणाला, "बाई, गप बसा. तुमचंच नुकसान हाय त्याच्यात."

"ठावं हाय मला," केसरबाई म्हणाली, आणि उठली.

चुकलं हाय." तिनं वाक्य जिथं सोडलं होतं तिथनंच धरलं. "वीस कोयते म्हंजी वीस मानसं न्हवं. आमच्यात गडी कापतो अन् बाई बांधती. बांधनारं मानूस भाईर बसलंय, तीन दिस झालं, बाभळीखाली. म्हनून गवत सुटं हाय."

"कोयता म्हणजे हत्यार ना?"

"हत्यारबी. पन आमच्यात कोयता म्हंजी..." ती थांबली. इथं शब्द होता. लहानपणापासून ऐकलेला, सगळ्या टोळीला पाठ असलेला, जोडीनंच येणारा शब्द. नवरा-बायको. तो तिच्या जिभेपर्यंत आला. तिनं तो गिळला. "कोयता म्हंजी दोन मानसं."

गड्यांपैकी कुणीतरी खोकललं.

मॅडमनी हातातले कागद चाळले. "दोन माणसं. मग पत्रात चाळीस का नाही लिहिलं?"

"लिवलंय की, मॅडम," उत्तरेश्वर म्हणाला. "वीस कोयते."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते वॉकीटॉकीमागं घेतलं. "बरं. नवीन पास दोन महिने निघत नाहीत. पण प्रत्येक पासवाल्याला आपल्या जबाबदारीवर एक मदतनीस आणता येतो, रोजच्या चिठ्ठीवर. ओळखपत्र दाखवायचं, संध्याकाळी चिठ्ठी परत. एका पासामागं एक. तुमच्या भाषेत, कोयता पुरा करून घ्या. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?"

पहिल्या दिवशी सांगण्यासारखं ते कुणाला वाटलंच नव्हतं. सूर्य उगवतो हे कुणी सांगतं का.

"एक अडचण हाय," उत्तरेश्वर म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त एक भाचा होता. "चौदा नंबर. हिला जोडी न्हाई, मॅडम. जोडीदाराचा पास झाला न्हाई, पोलीस केस हाय. ही अर्धा कोयता हाय. अर्धा कोयता आमच्यात चालत न्हाई. हिचा तेवढा रद्द करा. सटवा नावाचा माझा भाचा हाय, लगीन झालेला, नवरा-बायको दोघं..."

"पण पास तिच्या नावावर आहे."

"आता तुमीच म्हनला, कोयता पुरा पायजे."

ते मॅडमनी म्हटलं होतं खरं. त्या केसरबाईकडं वळल्या. "तुमची जोडी आहे का?"

एकोणीस गडी आता मान वर करून बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं. रामकिसन परळीला होता, बिभीषण घरी होता, तिसरा कुणी नव्हता. केसरबाईनं गेटाकडं पाहिलं. तारेच्या जाळीतून बाभळीचं टोक दिसत होतं, आणि टोकाखाली पांढऱ्या पदराचा एक ठिपका, खाली-वर, खाली-वर होणारा. अजून पेंढ्या बांधत होती.

"हाय," केसरबाई म्हणाली. "भाईर बसलीया."

"बसलीया?" उत्तरेश्वर म्हणाला. "बसलीया म्हंजी? बाई?"

"मानूसच हाय."

"मॅडम, दोन बायाचा कोयता कुनी ऐकला हाय का? कापनार कोन? कोयता म्हंजी नवरा अन्..."

"दोन माणसं, असं मला सांगितलं गेलं," मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळे इथंच उभे होतात, कुणी नाही म्हटलं नाही." त्यांनी चौदा नंबरपुढं काहीतरी लिहिलं. "कापणाऱ्या बाईचं काम मी तीन दिवस बघून राहिली. ओळखपत्र आहे ना तिच्याजवळ?"

*

ओळखपत्र होतं. छबुबाईच्या बटव्यात, सुपारीच्या खाली, इतकं दुमडलेलं की घडीवरचा चेहरा पुसून गेला होता. शिपायानं ते उजेडात धरलं, छबुबाईकडं पाहिलं, पुन्हा कार्डाकडं पाहिलं.

"म्या?" छबुबाई तोवर केसरबाईला म्हणत होती. "माज्या गुडघ्याला इचार आधी."

"गुडघ्याला पास लागत न्हाई. चल."

"अगं पन म्या कुनाची..." छबुबाई अडखळली. "कुनाच्या कोयत्यात?"

"माज्या."

छबुबाईनं आपल्या बांधलेल्या पेंढ्यांकडं पाहिलं. आता त्या अकरा झाल्या होत्या. त्यातल्या दोन काखेत घेतल्या, कुणी विचारलं तर दाखवायला असाव्यात अशा. मग कमरेला पदर खोचला. ते खोचताना तिचे हात एकदम तरणे झाले.

गेटातून बायका एकेक करून आत येत होत्या, हातात कागदाची चिठ्ठी धरून, चिठ्ठी जणू उडून जाईल अशी. तुळजाबाई केसरबाईच्या बाजूनं गेली. जाता जाता थांबली. दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं.

"ह्यात नवरा कोन गं?"

"जी आधी बसंल ती," छबुबाई म्हणाली.

तुळजाबाई अशी हसली की शिपायानं वळून पाहिलं. आपल्या नवऱ्याच्या शेजारून जाताना ती अजून हसत होती. उत्तरेश्वर हसला नाही. भाच्याला आता काय सांगायचं याचा विचार तो करत होता, आणि तो विचार त्याला बराच काळ पुरणार होता.

दुपारभर चाळीस माणसांनी काम केलं. दोन दिवसांचं सुटं गवत पेंढ्यांत गेलं, पेंढ्या रांगेत लागल्या. संध्याकाळी सुंदररावांचा ट्रॅक्टर आला. त्यावर त्यांच्या फोटोचा फलक आधीच लावलेला होता. गवत कडा गावच्या चारा छावणीला जाणार होतं आणि छावणीतल्या जनावरांना दाता कोण हे कळायला हवं होतं.

केसरबाई कापत होती. मागं छबुबाई बांधत होती. गेली सहा सालं केसरबाईनं कायम कुणाच्या तरी मागं चालत काम केलं होतं, आपल्या मागं कुणाचे हात चालले आहेत हे तिनं पहिल्यांदा ऐकलं. काडी वळल्याचा बारीक आवाज, मग ओढ, मग छबुबाईचा सुस्कारा. तिनं मागं वळून पाहिलं नाही. वेग वाढवला. मागचा आवाजही वाढला.

"अगं हळू," छबुबाई म्हणाली. "उसाचा ट्रक थोडाच उभा हाय."

"मग जागा बदलू. तू काप, मी बांधते."

"म्या? कोयता?"

केसरबाईनं कोयता तिच्या हातात दिला. मुठीवर बिल्ला ठोकलेला होता, चौदा. छबुबाईनं तो तोलून पाहिला, बाळ तोलून पाहतात तसा, दोनदा. मग ती वाकली आणि

शिट्टी.

सगळे दगडांच्या रेघेमागं गेले. गडी बसले, बायका बसल्या. छबुबाई कोयता हातात घेऊन उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना. "आधी बसली तर नवरा हुईन," ती म्हणाली. मॅडमनी लांबून हातानं खूण केली, बसा. तेव्हा केसरबाईनंच तिच्या पदराला धरून तिला खाली ओढलं आणि दोघी एकदमच बसल्या. विमान त्यांच्यावरून गेलं.

त्या दसऱ्याला केसरबाईनं अकरा दारं वाजवली होती. छबुबाईचं घर तिच्या भिंतीला भिंत लागून आहे. ते दार तिनं वाजवलं नव्हतं.